स्लीव्ह सर्जरी झाली, दादा घरभर फिरतोय, मग पोटातलं इंजेक्शन बंद करू का? (उत्तर जरा लांब आहे)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला कारण त्यात चार-पाच प्रश्न एकमेकात अडकलेत. आधी मला काय समजलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. दादाचं वय ४१, वजन १४८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ५१. स्लीव्ह, म्हणजे वजन कमी करायला जठराचा मोठा भाग कापून काढायची सर्जरी, होऊन सहा दिवस झाले, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. रक्त गोठू नये म्हणून पोटात टोचायचं इंजेक्शन दिवसातून दोनदा, तीन आठवडे लिहून दिलंय. आता पोटावर निळे-काळे डाग पडलेत, खर्चही होऊन राहिला, दादा तर घरभर फिरतोय, मामा म्हणतात ॲस्पिरिनची गोळी द्या तेच काम होते, आई म्हणते उठू नको बाप्पा टाके तुटतील. आणि ऑपरेशननंतर चौदाव्या दिवशी पुण्याला लग्न आहे. तर इंजेक्शन बंद केलं तर चालेल का.

नाही, स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनला आजच फोन करून विचारा, ते म्हणाले बंद करा तर बंद. मी नागपुरातच दुर्बिणीतून पोटाच्या आणि वजन कमी करायच्या सर्जरी करते, पण तुमच्या दादाला मी तपासलेलं नाही, त्याची किडनी कशी आहे, प्लेटलेट किती, ऑपरेशनमध्ये रक्तस्राव झाला होता का हे मला माहीत नाही, त्यामुळे डोस आणि दिवस यावर मी इथून काही ठरवणार नाही. विचार कसा करायचा ते मात्र सांगू शकते.

माझ्या मते खरा प्रश्न इंजेक्शनचा नाहीये. खरा प्रश्न असा आहे की हॉस्पिटलमध्ये तीन दिवस सिस्टर, फिजिओ, ड्युटी डॉक्टर सगळे पेशंटच्या मागे लागलेले असतात, उठा, चाला, श्वास घ्या, पाणी प्या, आणि घरी आल्यावर हे सगळं एकदम बंद होतं. सगळ्यांना वाटतं धोका संपला म्हणून तर सोडलं. रक्ताच्या गुठळीच्या बाबतीत उलट आहे. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदी पाहिल्या तर या सर्जरीनंतर ज्यांना गुठळ्या झाल्या त्यातल्या जवळजवळ ८० टक्के डिस्चार्जनंतर, म्हणजे घरी असताना झाल्यात. एकूण प्रमाण कमीच आहे हेही सांगते, घाबरू नका, बहुतेक मोठ्या नोंदींमध्ये ते शंभरात एकापेक्षाही कमी येतं. पण या सर्जरीनंतर जे थोडे मृत्यू होतात त्यांच्या मोठ्या कारणांमध्ये पायातून सुटून फुप्फुसात जाऊन अडकलेली गुठळी हे एक आहे. म्हणून आम्ही सर्जन लोक या एका विषयावर जरा जास्तच कटकट करतो.

आता गुठळी होते कशाने. त्यामागे तीन गोष्टी असतात, रक्त संथ होणं, रक्तच जास्त गोठणारं होणं, आणि नसेच्या आतल्या अस्तराला धक्का लागणं. दुधाचं बघा, ढवळत राहिलं तर साय धरत नाही, ठेवून दिलं की धरते, पायातल्या रक्ताचं साधारण तसंच. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, पाय हलला तर ते काम होतं, नाहीतर नाही. ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतो, वर टेबल तिरपं करून डोकं वर आणि पाय खाली ठेवतो, त्याने पायाकडून येणारं रक्त त्या तास-दोन तासात फार मंदावतं. म्हणून टेबलावर पायांना हवेच्या पट्ट्या बांधलेल्या असतात, त्या दर मिनिटाला पोटरी दाबतात आणि सोडतात. दुसरं म्हणजे कुठलीही मोठी जखम झाली की शरीर स्वतःच रक्त गोठवायची तयारी वाढवतं, आणि ती तयारी टाके सुकले की लगेच उतरत नाही, काही आठवडे राहते. तिसरं, जास्त वजन असलेल्या शरीरात मुळातच हलकी सूज कायम असते आणि गोठवणारे घटक वाढलेले असतात, पोटातली चरबी पायाकडून येणाऱ्या नसांवर दाब देते ते वेगळंच. सहाव्या दिवशी दादा छान फिरतोय म्हणून पहिली गोष्ट सुधारली, मान्य. बाकीच्या दोन तिथेच आहेत. इंजेक्शन त्यांच्यासाठी आहे.

मग काही लोकांना घरी एकही इंजेक्शन देत नाहीत, काहींना दोन आठवडे, काहींना चार, असं का? हा प्रश्न मला ओपीडीत रोज येतो, कारण वेटिंगमध्ये पेशंट एकमेकांच्या फाइली बघतात. याचं कारण धोका सारखा नसतो आणि जगभरातसुद्धा सगळ्यांसाठी एकच आकडा ठरलेला नाहीये. मी ठरवताना जे बघते ते असं, बीएमआय ५० च्या वर आहे का, वय साठच्या पुढे आहे का, पुरुष आहे का (हो, यात पुरुषांना धोका जास्त), ऑपरेशन तीन तासांपेक्षा लांबलं का, हॉस्पिटलमध्ये जास्त दिवस राहावं लागलं का, परत टेबलावर घ्यावं लागलं का, हृदय कमजोर आहे का, बसल्या बसल्या दम लागतो का, आधी कधी पायात गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली होती का, पायावर फुगलेल्या नसा किंवा घोट्याजवळ काळपट कातडी आहे का. यातल्या दोन तर तुमच्या दादाला सरळ लागू होतात. म्हणजे ज्यांनी तीन आठवडे लिहिले त्यांनी विचार करूनच लिहिले असं मला दिसतं. शेजारच्या बाईंना बीएमआय ३६ वर स्लीव्ह झाली आणि त्यांना आठवडाभरच इंजेक्शन दिलं, ही तुलना कामाची नाही.

आपल्या विदर्भात एक गोष्ट मी आवर्जून विचारते जी बाहेरच्या चेकलिस्टमध्ये नेहमी नसते, सिकलसेल. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे एएस (नुसते वाहक) किंवा एसएस (प्रत्यक्ष आजार असलेले) निघणारी माणसं भरपूर आहेत आणि पुष्कळांना चाळिशीपर्यंत आपण वाहक आहोत हे माहीतच नसतं. एसएस असेल तर गुठळीचा धोका बराच वाढतो, नुसता एएस असला तरी फुप्फुसात गुठळी जायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि अंगातलं पाणी कमी झालं तर एसएसच्या पेशंटला भलताच त्रास होतो. दादाची ही टेस्ट झाली नसेल तर सर्जनला तसं सांगा. आणि घरात कुणाकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर ते सांगायला लाजू नका, यात लपवण्यासारखं काही नाही.

तुमच्या दादाला लागू नाही पण इथे बाकीचे लोक वाचतील म्हणून बायकांसाठी एक. गर्भनिरोधक गोळ्या, हॉर्मोनच्या गोळ्या या साधारण महिनाभर आधी बंद करायला आम्ही सांगतो. ते बऱ्याच जणींना माहीत असतं. जे कुणी सांगत नाही ते म्हणजे लग्न, महालक्ष्म्या, सत्यनारायण आला की पाळी लांबवायच्या गोळ्या मेडिकल स्टोअरमधून आणून घ्यायच्या आणि डॉक्टरला सांगायचंही नाही, कारण ते औषध आहे असं वाटतच नाही. त्या गोळीतल्या औषधाचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेनने रक्त जास्त गोठतं. सर्जरीच्या आधी-नंतरच्या दिवसात ही गोळी अजिबात नको. पूजा पुढे ढकलता येते.

आणि खर्रा. दादा खातो की नाही तुम्ही लिहिलं नाही, पण नागपूर आहे म्हणून विचारते. बिडी-सिगारेट असो की खर्रा, तंबाखूने नसाही खराब होतात आणि नवीन टाक्याची लाइनही नीट भरत नाही. “एकच पुडी दिवसभर पुरवतो डॉक्टर” हे मी फार ऐकते. ती एकसुद्धा नको.

आता इंजेक्शनचं सविस्तर, कारण डागांमुळे तुम्ही घाबरलात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बॉक्सवर जे नाव आहे ते एनोक्सापॅरिन, हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचाच एक प्रकार. टोचलेल्या जागी रुपयाएवढा निळा डाग पडणं अगदी नेहमीचं आहे, त्याचा अर्थ रक्त “फार पातळ झालं” असा नाही. डाग कमी करायचे असतील तर पद्धत सुधारा. दादाला जरा मागे टेकून बसवा, बेंबीपासून किमान दोन इंच सोडून पोटाच्या बाजूला, दुर्बिणीच्या छिद्रांपासून लांब, आणि जिथे पँटचा बेल्ट किंवा पायजम्याची नाडी दाबते ती जागा सोडून. आज सकाळी उजवीकडे तर संध्याकाळी डावीकडे. चरबीची घडी दोन बोटात धरायची, सुई सरळ आत पूर्ण घालायची, औषध हळू सोडायचं, सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर आतला हवेचा छोटा बुडबुडा काढायच्या मागे लागू नका, तो तसाच असू द्यायचा असतो. आणि टोचून झाल्यावर चोळायचं नाही! बरेच डाग चोळण्याने पडतात, आपल्याला लहानपणापासून इंजेक्शन दिलं की चोळायची सवय आहे न. कापूस नुसता दाबून धरा. वापरलेली सिरिंज कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करून फॉलोअपला येताना हॉस्पिटलमध्ये आणून द्या, मनपाच्या सफाईवाल्यांच्या हाताला लागतात त्या सुया.

ठेवायचं कुठे हाही मे महिन्यात मोठाच प्रश्न आहे. बॉक्सवर २५ अंशाच्या खाली ठेवा आणि गोठवू नका असं असतं. बाहेर ४५ आणि घरात कुलर लावूनही ३५ असताना २५ आणायचं कुठून? एकदम तीन आठवड्यांचा साठा आणून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवू नका, तीन-चार दिवसांचं आणत जा, केमिस्टकडे एसी असतो. घरात एसी असलेली खोली असेल तर तिथे ठेवा. फ्रीझरमध्ये तर चुकूनही नाही, आणि गाडीच्या डॅशबोर्डमध्येही नाही, दुपारी उन्हात उभ्या गाडीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

खर्चाचं म्हणाल तर हे औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे किमतीला वरची मर्यादा आहे, पण कंपनीकंपनीत फरक असतो. तुमच्या सर्जनला सरळ विचारा, यातलं स्वस्त कुठलं चालेल. त्यांना राग येणार नाही. पैशासाठी गुपचूप एक वेळचं इंजेक्शन गाळण्यापेक्षा हे बरं. एखाद्या वेळी विसरलंच तर आठवल्यावर द्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर ते सोडून द्या, दोन एकदम टोचू नका.

काही लोक विचारतात म्हणून सांगते, हे औषध डुकराच्या आतड्यापासून बनवतात. कुणाला धर्मामुळे किंवा शाकाहारी असल्यामुळे चालत नसेल तर आधी सांगा, प्रयोगशाळेत बनवलेलं दुसरं इंजेक्शन आहे, त्यावर बोलता येतं. नंतर गुगलवर वाचून मध्येच बंद करण्यापेक्षा आधी बोललेलं चांगलं.

दोन गोष्टींवर मात्र लक्ष हवं. किडनी कमजोर असेल तर हे औषध अंगात साठतं, म्हणून क्रिएटिनिन बघावं लागतं. आणि क्वचित कुणाला हेपरिनमुळेच प्लेटलेट उतरतात आणि उलट गुठळ्या व्हायला लागतात, हे बहुतेक पाचव्या ते दहाव्या दिवसात दिसतं, म्हणजे तुम्ही आत्ता त्याच दिवसात आहात. फॉलोअपला सीबीसी लिहिली असेल तर ती टाळू नका, लिहिली नसेल तर विचारा. काळी डांबरासारखी शौच, उलटीत रक्त, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, ड्रेसिंग रक्ताने भिजणं, हे झालं तर डागांसारखं घरी बसून बघायचं नाही, लगेच फोन.

मामांच्या ॲस्पिरिनबद्दल. मामांचा हेतू चांगलाच आहे, त्यांना कुणीतरी अँजिओप्लास्टीनंतर ॲस्पिरिन घेताना बघितलेलं असणार. हृदयाच्या धमनीतली गुठळी आणि पायाच्या नसेतली गुठळी वेगवेगळ्या तऱ्हेने बनते, ॲस्पिरिन पहिल्या ठिकाणी जास्त कामाचं. या सर्जरीनंतर ते इंजेक्शनची जागा घेत नाही, वर नुकत्याच कापून शिवलेल्या जठराला अल्सर व्हायचा धोका. तेच बाकीच्या पेनकिलरचं, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम, घरात पडलेली पाठदुखीची गोळी, हे इंजेक्शनसोबत घेतलं तर रक्तस्रावाला आमंत्रण. दुखलं तर लिहून दिलेली पॅरासिटामॉल. रक्त पातळ करायच्या नवीन तोंडाने घ्यायच्या गोळ्याही आहेत, पण त्या जठर-आतड्यातून शोषल्या जातात आणि नुकतीच तिथेच कापाकापी झालेली असताना नक्की किती शोषल्या जातील याचा भरवसा कमी, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यात बहुतेक जण इंजेक्शनवरच राहतात. लसूण, हळदीचं पाणी, व्हॉट्सॲपवरचा आलं-लिंबाचा काढा यावर मी काही बोलत नाही, इंजेक्शनऐवजी घेऊ नका एवढंच.

आता आईंचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे ऑपरेशन झालेल्या माणसावर प्रेम करायचं म्हणजे त्याला हलू द्यायचं नाही. पाणी हातात, रिमोट हातात, पाय दाबायला कुणीतरी. दुर्बिणीच्या छोट्या छिद्रांचे टाके चालण्याने तुटत नाहीत, आईंना हे माझ्या नावाने सांगा. वजन उचलायचं नाही, पोटाचे व्यायाम नाही, वाकून बादली उचलायची नाही, हे खरं. चालायचं मात्र भरपूर. आम्ही तर त्याच दिवशी संध्याकाळी पेशंटला उभं करून चालवतो.

पण “दादा घरभर फिरतोय” म्हणजे किती? हे तुम्ही एक दिवस घड्याळ लावून बघा. मी विचारते तेव्हा पुष्कळदा असं निघतं की सकाळी सहाला अर्धा तास फुटाळा तलावावर फिरून आले आणि मग सकाळी नऊ ते रात्री नऊ रिक्लायनरवर पाय लटकवून मॅच आणि भेटायला येणारे पाहुणे. त्या अर्ध्या तासाचा फायदा आहेच, पण बाकीचे बारा तास रक्त तसंच साचून राहतं. त्यापेक्षा जागेपणी दर तासाला पाच मिनिटं घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत, हे जास्त कामाचं. उन्हात बाहेर जायची गरजच नाही. बसल्या जागी घोटा वर-खाली, पंजा आपल्याकडे ओढायचा आणि मग पुढे ढकलायचा, तासाला दहा-पंधरा वेळा, मोबाइलवर गजर लावा. मांडी घालून खूप वेळ बसणं, पायावर पाय टाकून बसणं, गुडघ्याखाली जाड उशी ठेवून झोपणं, तिन्हीने गुडघ्यामागची नस दाबली जाते, ते टाळा. घोरण्यासाठी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवा देणारं) असेल तर वजन उतरायला लागलं म्हणून लगेच बंद करायचं नाही. आणि पाहुण्यांना आठवडाभर फोनवरच भेटा म्हणावं. दहा जण समोर बसलेले असताना पेशंट उठून येरझारा घालत नाही, आपल्याकडे ते बरं दिसत नाही न.

मोज्यांचं तुम्ही विचारलं नाही पण बहुतेक पुढचा प्रश्न तोच असेल. लांब घट्ट मोजे चांगल्या मापाचे मिळाले तर ठीक, पण जाड मांडीवर ते गुंडाळत खाली येतात आणि रबरबँडसारखी घट्ट रेघ बनते, म्हणजे ज्यासाठी घातले त्याच्या बरोबर उलट. नागपूरच्या मेमध्ये घाम आणि पुरळ वेगळं. मी माझ्या जास्त वजनाच्या पेशंटना घरी मोज्यांचा फार आग्रह धरत नाही, चालण्याचा धरते. तुमच्या सर्जनने सांगितले असतील तर मात्र माप घेऊनच आणा आणि रेघ पडते का बघा.

पाणी. यावर मी सगळ्यात जास्त लिहू शकते पण आवरते. स्लीव्हनंतर जठर फार तर शंभर-दीडशे मिलीचं उरतं, दोन घोटात पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून पेशंट पाणीच पीत नाही. त्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, येऊ घातलेला. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, आणि स्लीव्हनंतर एक वेगळीच गुठळी होऊ शकते, पायात नाही तर आतड्याकडून लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या नसेत. दुर्मीळ आहे, पण ती होते तेव्हा बहुतेक घरी गेल्यावर पहिल्या काही आठवड्यात, आणि पाणी कमी पडणं हे तिच्या कारणांपैकी एक मानतात. तिची लक्षणंही फसवी, पोटात न थांबणारं दुखणं, मळमळ, थोडा ताप, काही पिववत नाही, आणि घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली. पाय अगदी नॉर्मल असतो. अशा वेळी सीटी करून बघावं लागतं.

करायचं काय तर औषधाचं ३० मिलीचं माप घ्या, दर दहा मिनिटांनी एक माप, घोट घोट. तासाला १८० मिली झालं, दहा तासात १८०० मिली, झालं काम. साधं पाणी, पातळ गाळलेलं ताक फोडणीशिवाय, नारळपाणी, वरणाचं गाळलेलं पाणी, ओआरएस, तुमच्या डाएटिशियनने दिलेल्या यादीत जे असेल ते. उसाचा रस, सोडा, कोल्ड्रिंक नाही, आणि संत्र्याचा रस आत्ता नको, नंतर खाल संत्री भरपूर. लघवीचा रंग बघायला सांगा, गडद पिवळी किंवा दिवसातून तीन-चारदाच होत असेल तर पाणी कमी पडतंय. दिवसभर पोटात पाणीच थांबत नसेल, उलटी होत असेल तर घरी प्रयोग करत बसू नका, सलाइन लागेल.

म्हणजे इथवर तीन गोष्टी झाल्या, इंजेक्शन, दर तासाला उठणं, दर दहा मिनिटांनी घोट. यातली एक चांगली चालली म्हणून दुसरी सोडता येत नाही.

आता कधी धावायचं ते. एका पायाला सूज, विशेषतः पोटरीत दुखणं, तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा लालसर, दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून मोजलं तर स्पष्ट फरक, हे दिसलं की त्याच दिवशी पायाचा डॉप्लर (नसांची सोनोग्राफी). आणि कृपा करून त्या पायाला तेल लावून मालिश करू नका, शेकू नका. आपल्या घरांमध्ये पाय दुखला की पहिला हात तेलाच्या वाटीकडे जातो. गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून वर जाऊ शकते.

एकदम दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, छाती धडधडणं, खोकल्यात रक्त, चक्कर येऊन पडणं, यात डॉप्लरची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा किंवा जे मोठं हॉस्पिटल जवळ आहे, जिथे चोवीस तास सीटी आणि आयसीयू आहे, तिथे थेट जायचं, मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं असोत की धंतोली-रामदासपेठेतलं कुठलं खासगी असो. ऑपरेशन जिथे झालं तिथेच न्यायचं म्हणून वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घालवू नका, सर्जनला रस्त्यातून फोन करा. पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक दिवसांपूर्वी वजनाची सर्जरी झाली आहे आणि हे इंजेक्शन चालू आहे.

इथे एक गोंधळ होतो. पहिले दोन-तीन दिवस खांद्यात दुखतं, ते ऑपरेशनच्या वेळी भरलेल्या गॅसमुळे, चालल्यावर कमी होत जातं, त्यात दम लागत नाही. त्यामुळे “गॅसचं आहे” हे वाक्य घरात पाठ होतं आणि मग दहाव्या दिवशी छातीत दुखलं तरी तेच म्हणतात. सहाव्या दिवसानंतर नव्याने सुरू झालेलं छातीचं दुखणं गॅसचं आहे हे घरी ठरवायचं नाही. तसंच आराम करतानाही नाडी १२० च्या आसपास राहत असेल तर गुठळी असू शकते किंवा टाक्याच्या लाइनमधून गळती असू शकते, दोन्ही गंभीर. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडपासून बहुतेक घरात पडलेलं असतं, सेल टाकून चालू करून ठेवा, त्यात नाडीही दिसते. डी-डायमर नावाची रक्ताची टेस्ट स्वतःच्या मनाने लॅबमध्ये जाऊन करू नका, ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेलीच येते, उगाच सगळे घाबरतात.

राहिलं पुण्याचं लग्न. माझ्या पेशंटना मी पहिले चार आठवडे चार तासांपेक्षा लांबचा प्रवास नको म्हणते. चौदाव्या दिवशी रात्रभर बसमध्ये पाय लटकवून किंवा ट्रेनच्या बर्थवर अंग चोरून चौदा-पंधरा तास, मला पटत नाही. कारने म्हणाल तर समृद्धी महामार्गावर गाडी इतकी सुसाट जाते की कुणी थांबतच नाही, आणि मध्येच कडेला थांबायला तिथे परवानगीही नाही, विश्रांतीच्या ठिकाणीच थांबावं लागतं. शिवाय संभाजीनगरनंतर पुण्यापर्यंतचा रस्ता आहेच. अमरावती किंवा वर्ध्याचं लग्न असतं तर म्हटलं असतं, दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला आणि जा. पुण्याला जायचंच असेल तर विमान, पॅसेजची सीट, इंजेक्शन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत, एअरपोर्टवर बसून न राहता येरझारा, आणि हे सगळं सर्जनने हो म्हटलं तरच. त्यांना हे आत्ताच सांगा, निघायच्या आदल्या दिवशी नाही, कारण प्रवास ठरलेला असेल तर कधीकधी आम्हाला इंजेक्शनचे दिवस आणि वेळा त्या हिशोबाने बसवाव्या लागतात. फोन कराल तेव्हा सीबीसी, क्रिएटिनिन आणि सिकलसेलचंही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.